वरच्या बाईंचं खाली करायचंय

४ मार्च, सोमवार

आज सकाळी चहा पिताना ताई म्हणाली, "वरच्या बाईंचं आता खाली करायला हवं रे."

माझं बिस्कीट तुटून चहात पडलं. वरच्या बाई म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू. जपानी आहेत. शर्टांच्या कारखान्यात नवी शिलाई मशिनं आली तेव्हा ती शिकवायला म्हणून आल्या. मशिनं जुनी झाली, कारखान्याने बाईंना निवृत्त केलं, पण बाई इथंच राहिल्या. आता दिवसभर खाली ताईच्या शिलाईच्या दुकानात बसून काजं करतात. ताई कुणाचं कौतुक करत नाही, पण बाईंचं काज बघून गिऱ्हाइकाला बटणाआधी काज दाखवते. आणि अशा बाईंना घर खाली करायला सांगायचं?

"का पण?" मी विचारलं.

"असं किती दिवस चालायचं? मला बघवत नाही आता." मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, "पण सांगायचं कसं, तेच कळत नाही. माणूस चांगलं आहे. दुखवायचं नाही."

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ताई, तू काळजी करू नकोस. भाषा हे माझं काम आहे. मी शब्द शोधतो. बाईंचं मराठी तुटकं, पण थोडं इंग्रजी येतं, जपानी तर त्यांचीच. दोन्हीत शोधतो."

ताईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बशीतला चहा पिऊन झाला तरी पाहत होती.

"तू शोधणार?"

"मीच शोधणार."

"शोध बाबा," ती म्हणाली आणि उठून गेली. जाताना तिच्या खांद्यांना हिसके बसत होते. बिचारीला रडू आवरत नव्हतं.

पुढे कधी मीच वाचायला घेतलं तर कळावं म्हणून इथं माझीही ओळख लिहून ठेवतो. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजी-जपानीतून मराठीत आणतो. 'झाकण दोन्ही हातांनी उचलावे' हे वाक्य ज्यांनी वाचलंय, त्यांनी मला वाचलंय. ऑफिस बंद पडलं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून ताईकडे आलो. दुकानाला लागून असलेली खालची खोली तिने मला दिली. त्याला आता सहावं वर्ष लागलं. खोकी मी सोडलेली नाहीत. कधीही निघावं लागेल, उगाच पसारा कशाला?

५ मार्च, मंगळवार

कामाला लागलो. इंग्रजीपासून सुरुवात.

पहिला शब्द अर्थातच इव्हिक्शन. मुळात लॅटिन, अर्थ 'पुरतं जिंकणं'. व्हिक्टरी याच कुळातली. म्हणजे ज्याने घर खाली करून घेतलं तो विजयी आणि जो बाहेर पडला तो पराभूत. छे! ताईने बाईंवर विजय मिळवलाय ही कल्पनाच चालणार नाही. दुपारी दोघी एका दिव्याखाली बसून एकाच कॉलरच्या दोन बाजू शिवतात.

दुसरा इजेक्ट. हा माझ्या चांगला ओळखीचा. कॅसेट प्लेअरवर असायचा. बटण दाबलं की झाकण उघडून कॅसेट वर यायची. मराठीत मी 'बाहेर काढा' लिहिलं होतं. बाई काय कॅसेट आहेत?

तिसरा व्हेकेट. मोकळं करणं. व्हेकेशन, म्हणजे सुट्टी, ही याचीच बहीण. हा बरा वाटला. "बाई, आता तुम्ही सुट्टीवर चला," असं काहीतरी.

चौथा क्विट. भाडेकरूला द्यायच्या नोटिशीत असतो. पण ताईला सांगितल्यावर ती म्हणाली, "क्विट म्हणजे नोकरी सोडणं ना? नोकरी तर आधीच सुटलीय."

"बाईंची?"

"हो, हो. बाईंचीच," ती म्हणाली.

मग सुईत दोरा ओवता ओवता तिने ती जुनी म्हण म्हटली. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हण सुरेख आहे. पै आणि जाई यांचं यमक कच्चं आहे, पण अर्थाने पक्की. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुला यमकच दिसलं?"

८ मार्च, शुक्रवार

बाईंचे गुडघे फारच दुखतात. हल्ली जिना आडव्या उतरतात, दोन्ही हातांनी कठडा धरून. पायरीगणिक थांबतात आणि थांबल्या की हसतात, जणू थांबायचंच होतं. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलंय, असं ताई म्हणाली. अशा अवस्थेतल्या बाईला घराबाहेर काढायचं! माझ्या सख्ख्या बहिणीच्या काळजाला घट्टे पडलेत, हे इथं लिहून ठेवतो. तिला सांगायची हिंमत नाही.

तरी शब्द शोधायचाच, कारण मी शब्द दिलाय. आणि जपानी शब्द विचारायचा तर बाईंनाच. दुसरं कुणी नाही. ज्याला फाशी द्यायचीय त्यालाच 'दोर कुठला चांगला' म्हणून विचारण्यातला हा प्रकार. मी मोठ्या खुबीने सुरुवात केली. म्हणालो, एका पुस्तिकेत अडलंय. घर सोडायला लावणं याला तुमच्याकडे काय म्हणतात?

बाईंनी चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं. ताई बॉबिन शोधायला मशिनखाली वाकली.

"ओइदासु," बाई म्हणाल्या. "पण हा वाईट. मांजर. असा." आणि त्यांनी झाडू मारून मांजर हाकलल्यासारखं केलं.

"याहून सौम्य?"

"ताचिनोकी." त्यांना मराठीत सांगता येईना म्हणून त्या मशिनला धरून उभ्या राहिल्या, एक पाऊल मागे सरकल्या आणि हाताने समोरची जागा दाखवली. उभं राहायचं, मागे सरायचं, जागा द्यायची. बस्स. इतका सुंदर शब्द! यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

"तुम्ही करा," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलो आणि एक पाऊल मागे सरलो. बाई म्हणाल्या, "अजून." आणखी सरलो. "अजून." असं करत मी दुकानाच्या दाराबाहेर जिन्यापाशी पोचलो. दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाईक बिचकलं.

ताई डोळे पुसत म्हणाली, "जमतंय की रे तुला!"

या दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, तरी हसू मात्र एकाच वेळी येतं. बाकीचं सगळं मध्ये मी आहे म्हणून चाललंय.

१० मार्च, रविवार

बाई टेप घेऊन माझ्या खोलीत आल्या. "सुमिमासेन," म्हणजे माफ करा, असं म्हणून वाकल्या आणि खिडकी मोजली. पडदा शिवणार असतील. मग खिडकीपासून दारापर्यंतची भिंत मोजली. मग माझी खाट. शेवटी खोक्यांसमोर उभ्या राहून त्यांनी एक उसासा सोडला.

ज्यांना आपण घालवतोय, त्या आपल्याला पडदा शिवतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ मार्च, बुधवार

आज ताईने फार हुशारी केली. बाई समोर काज करत होत्या आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो. ताई माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "माणसानं दुसऱ्याच्या अडचणीचा विचार करावा. जागा अडवून बसू नये. कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून आपण समजू नये की सगळं ठीक आहे."

मला लगेच कळलं. लेकी बोले सुने लागे! बोलायचं मला, लागायचं बाईंना. मी ताईला डोळा मारला.

ताई आणखी जोरात म्हणाली, "आणि सहा सहा वर्षं खोकी न सोडता कोण राहतं?"

हे तर कमालच. बाईंकडे खोकी नाहीत, माझ्याकडे आहेत. पण बोलायचं लेकीला असेल तर तपशील लेकीचेच घ्यावे लागतात, नाहीतर सुनेला संशय येतो. मी पुन्हा डोळा मारला. ताईच्या बोटात सुई घुसली.

नंतर ती आत गेल्यावर मी बाईंना ही म्हण समजावून सांगितली. सासू, लेक, सून, तिघींची चित्रंही काढून दाखवली. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "इथे सून कोण?"

मी गडबडलो. "ते प्रसंगावर अवलंबून असतं," असं काहीतरी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तोंडावर रुमाल धरला. भाषांच्या बाबतीत त्या हळव्या आहेत.

१७ मार्च, रविवार

वाईट दिवस.

दोघी सकाळी रिक्षा करून कुठंतरी गेल्या आणि दुपारी परतल्या. बाई एक एक पायरी चढत वर गेल्या. ताईने इस्त्री लावली आणि एकच शर्ट तीन वेळा केला. शेवटी मीच विचारलं.

"नदीपलीकडे जागा बघितली तिनं. लिफ्ट आहे. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही सांगायचंय."

"बघ, न सांगताच कळलं त्यांना! किती समंजस."

ताईने इस्त्री उभी केली. "अरे, मला ती जायला नकोय! ती गेली तर मी या दुकानात कुणाशी बोलू?"

"मग थांब म्हण की तिला."

"कशी थांबेल? खाली झालं तर थांबेल ना! खाली झालं नाही तर जाणारच ती."

हे वाक्य मी तसंच उतरवून ठेवलंय, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही. घर खाली झालं तर बाई थांबतील आणि खाली झालं नाही तर जातील? दुःखात माणसाचं व्याकरण बिघडतं, हे मी पूर्वीही पाहिलंय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "तू नं, शब्दच शोधत बस."

आणि रडली. या वेळी नक्की रडतच होती. मला ते अजून आतून टोचतंय.

१८ मार्च, सोमवार

काही सुचत नाही. पंख्याची पुस्तिका हातात घेतली. 'पाती हलत असताना बोट घालू नये.' एवढं एकच वाक्य झालं.

२२ मार्च, शुक्रवार

आज शब्द सापडला.

बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. वर जायचं होतं आणि उठवत नव्हतं. मी शेजारी बसलो. त्या आपणहूनच म्हणाल्या, "अजून एक शब्द आहे. आकेवाताशी." आणि खिशातल्या शिलाईच्या खडूने पायरीवरच अक्षर काढलं. सूर्य, त्याला लागून चंद्र. 'आके' म्हणजे उघडणं, मोकळं करणं, आणि 'वातासु' म्हणजे दुसऱ्याच्या हाती देणं. घर मोकळं करून हवाली करायचं त्याला आकेवाताशी. कचेरीतला शब्द आहे, कागदावरचा.

"पण हे अक्षर," बाई खडू टेकवत म्हणाल्या, "सकाळचं पण आहे. रात्र संपते, उजाडतं, तेव्हा हेच."

मी त्या पायरीकडे बघतच राहिलो. घर सोडण्याच्या शब्दात उजाडणं! इतकी वर्षं मी या भाषेतून पंखे आणि किटल्या मराठीत आणल्या, आणि हे अक्षर माझ्या हातून शंभरदा गेलं असेल. मी कधी थांबून बघितलं नाही.

आणि मग मला राहवलं नाही. हा शब्द शोधून मी तो कुणाच्या हाती देणार होतो? ज्या बाईने तो मला खडूने काढून दाखवला, तिलाच घालवायला? मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, मला सगळं माहीत आहे. तुम्ही कुठंही जायचं नाही. मी जातो!"

म्हणजे ताईकडे जातो. तिला समजावतो.

बाईंचे डोळे मोठे झाले. "तुम्ही... जाता?"

"जातो!"

"खरंच जाता?"

"आत्ता जातो. मी भाऊ आहे तिचा. ती मला नाही म्हणणार नाही."

बाई कठड्याला धरून उठल्या आणि इतक्या वाकल्या की त्यांचा चष्मा पडला. डोळे ओले होते. "ओतोतो-सान," म्हणाल्या. त्यांच्याकडे धाकट्या भावाला असं म्हणतात.

मी गेलो, पण ताईकडे एक लग्नाचा कोट आला होता, बाह्या आखूड झालेल्या. म्हटलं, रविवारी निवांत बोलू.

२३ मार्च, शनिवार

आज घरात काय चाललंय कळत नाही. सकाळी ताईने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "मला वाटलं होतं तुला कळायला जन्म जाईल. किती शहाणा आहेस रे बाळ." मी पन्नाशी ओलांडलीय, पण ती खुशीत आली की बाळ म्हणते.

दुपारी दोन अंडी मिळाली. रोज एक असतं.

वरच्या मजल्यावर कुणीतरी फरशी पुसत होतं. बाईंनी माझ्या खोलीबाहेर सुतळीचं बंडल आणून ठेवलं. का, कोण जाणे. एकूण बाईंनी ताईला काहीतरी सांगितलेलं दिसतं आणि ताईचं मन आपोआपच वळलंय. माझ्या नुसत्या निश्चयाचा हा परिणाम!

२४ मार्च, रविवार

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

चहा झाल्यावर मी उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं. म्हणालो, "ताई, तीन आठवडे मी शब्द शोधले. एकही वापरणार नाही. बाईंना या घरातून काढायचं असेल तर आधी मला काढावं लागेल."

ताई म्हणाली, "हो, तसंच ठरलंय ना?"

"काय ठरलंय?"

"आधी तू निघायचं, मग ती येईल. सुतळी दिलीय तिनं."

"कुठून निघायचं?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! याला कळलेलंच नाही. अरे, ती कुठं जातेय? तू जातोयस! तिचं खाली करायचं म्हणजे तिची सोय खाली करायची. तुझ्या खोलीत. गुडघे गेलेत ना तिचे? आणि तू वर जायचं, तिच्या जागेत."

मी खुर्चीत बसलो. खाली म्हणजे रिकामं आणि खाली म्हणजे तळाला. माझी मातृभाषा. लॅटिनपर्यंत जाऊन आलो आणि घरातल्या दोन अक्षरांत आपटलो.

"मग सरळ का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! मराठीत सांगून सांगून थकले. म्हणी झाल्या, टोमणे झाले, तू डोळे मारत होतास. म्हटलं, इंग्रजीत नाहीतर जपानीत तरी कळेल."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे इतके दिवस मी इथं पाहुणा होतो. अक्कल गेलेला."

तेव्हा ताई चिडली. तिला इतकं चिडलेलं मी लहानपणी, तिची सायकल नाल्यात घातली तेव्हा पाहिलं होतं. "पाहुणा असतास तर पहिल्याच आठवड्यात बॅग हातात दिली असती. भाऊ आहेस म्हणून जीभ उचलेना. आणि पाहुणा मी केला नाही तुला, तूच झालास! सहा वर्षं ती खोकी दाराशी रचून बसलायस. रोज सकाळी चहा टाकताना मी आधी तुझ्या दाराकडे बघते, आहे की गेला म्हणून. दोन कप टाकू की एक, ते त्यावर ठरवते. जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण हे चार दिवस एकदाचे संपव रे!"

मी खोलीत आलो आणि दार लावून घेतलं.

२५ मार्च, सोमवार

रुसलोय. हे लिहिताना लाज वाटते, पण रुसलोय. ताईशी बोललो नाही.

दुपारी तिरीमिरीत एक जागा बघायला गेलो. एक खोली, मोरी, खिडकीतून पत्रे दिसतात. मालकीणबाईंनी विचारलं, "किती दिवसांसाठी हवी?"

माझ्या तोंडून निघालं, "चार दिवस."

त्या म्हणाल्या, "हे लॉज नाही."

घरी चालत आलो. वाटेत लक्षात आलं की मला दुसरं उत्तर येतच नाही. तिथेही मी खोकी दाराशीच रचली असती.

२७ मार्च, बुधवार

आज बाई माझ्यासाठी वरून सूपचा वाडगा घेऊन निघाल्या. मी जेवायला जात नाही हे त्यांना कळलं असणार. एक हात कठड्याला, एका हातात वाडगा. जिन्याच्या मधोमध पाय अडकला आणि त्या तिथेच बसल्या. आवाज ऐकून मी धावलो. सूप सांडलं नव्हतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"तुम्ही दुःखी," त्या म्हणाल्या. "मी तिकडे जाते. लिफ्ट. ठीक आहे. तुम्ही इथे राहा. ताई-सान तुमची आहे."

आणि हसल्या. पायरीवर थांबल्या की हसतात, तसंच.

मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सूप प्यायलो, कारण दुसरं काय करावं सुचेना. इतके दिवस मी यांच्यासाठी भांडायला निघालो होतो. यांना घालवू नका म्हणून भाषण पाठ केलं होतं. आणि यांना घालवणारा या घरात एकच होता, तो खालच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता.

वाडगा खाली ठेवला, उभा राहिलो, एक पाऊल मागे सरलो आणि हाताने माझ्या खोलीचं दार दाखवलं.

बाईंनी बघितलं. "अजून," म्हणाल्या.

मी आणखी एक पायरी मागे चढलो. वरच्या बाजूला. त्या पुन्हा "अजून" म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना आणि मला एकदमच हसू आलं. खालून ताईचा आवाज आला, "काय चाललंय रे तिथं?"

"ताचिनोकी!" मी ओरडलो. तीन दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

३० मार्च, शनिवार

झालं. मी वर, बाई खाली. कंबर मोडली. खोकी स्वतः उचलून नेली, हमालाला हात लावू दिला नाही, निम्म्या जिन्यात तसं ठरवल्याचा पश्चात्ताप झाला.

ताई दुकानातून फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, काय सांगू, भाऊ वर गेला! हो, आजच सकाळी. नाही गं, त्रास काहीच झाला नाही त्याला, आम्हालाच झाला." पलीकडून मावशीचा हंबरडा मला वरपर्यंत ऐकू आला. ताईला तिला पंधरा मिनिटं समजवावं लागलं. मग फोन माझ्याकडे आला. मावशी म्हणाली, "मेल्या, जिवंत आहेस तर आधी बोलायचं नाही का?"

संध्याकाळी सुतळ्या कापल्या. वाटलं होतं तेवढं सामान नव्हतं. दोन खोक्यांत नुसती वर्तमानपत्रं गुंडाळून ठेवली होती, आत काही नाही. एकात किटली निघाली, कोरी. बरोबर तिची पुस्तिका, मीच केलेली. 'प्रथम वापरापूर्वी किटली रिकामी करून धुऊन घ्यावी.' धुतली.

वरच्या बाईंना आता काय म्हणायचं हा प्रश्न आहे. खालच्या बाई म्हणवत नाही. ताईने तो सोडवलाय. ती त्यांना नुसतं "अगं" म्हणते आणि त्या "हां" म्हणतात. मध्ये मी कुठंही लागत नाही. बहुधा कधीच लागत नव्हतो.

१ एप्रिल, सोमवार

या खोलीला पूर्वेला खिडकी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऊन थेट तोंडावर आलं. खालच्या खोलीत ताई दार वाजवायची तेव्हा सकाळ व्हायची. इथं ती आपोआप होते. डोळे मिटून पडलो तरी पापण्यांतून आत येते. बाईंनी खडूने काढलेल्या त्या अक्षरातला अर्धा भाग माझ्या उशीवर पडला होता.

उठलो. पुस्तिका समोर ठेवून चहा केला. झाकण दोन्ही हातांनी उचललं.

तेवढ्यात खालून हाक आली, "बाळ, चहा!"

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणालो, "मी केलाय. तूच वर ये."

मग पायऱ्या वाजल्या. ताई दारात आली आणि बिचकल्यासारखी उभी राहिली. स्वतःच्याच घराच्या वरच्या मजल्यावर तिला आत ये म्हणावं लागलं. मी खुर्ची पुढे केली. दोन कप भरले. तिने एक घोट घेतला.

"साखर नाही यात."

"पुस्तिकेत नव्हती."

"पत्ती पण जास्त झालीय."

"हो का?"

तिने सगळा कप संपवला आणि पुढे केला. मी पुन्हा भरला. भिंतीपाशी सुतळ्यांचा गुंता आणि उघडी रिकामी खोकी पडली होती. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं.

खाली बाईंचं मशिन सुरू झालं. "दुकान उघडायचंय," ताई म्हणाली. मग खिडकीकडे तोंड केलं, चपला काढल्या आणि त्या उन्हात पाय लांब पसरून बसली.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "जायला हवं मला." पण उठली नाही.

कुणाला उठवायचं कसं, याचे शब्द आता माझ्याकडे तीन भाषांत आहेत. मी एकही वापरला नाही.